पत्र्याच्या ढाली आणि म्हशीचं चामडं

"मास्तर, ही ढाल न्हाय, तवा हाय. आमी न्हाय धरणार," म्हणत रंगा पैलवानानं ढाल माझ्या पायाशी ठेवली. पत्र्याच्या कडेनं त्याचं मनगट कापलं होतं. पंधरवड्यावर त्याची कुस्ती होती. मागं तालमीतले बाकीचे पैलवान हाताची घडी घालून उभे.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी कोल्हापुरात एका स्टुडिओत प्रॉपर्टी सांभाळायचो. प्रॉपर्टी म्हणजे जमीनजुमला नव्हे. नट पडद्यावर जे हातात धरतो ते सगळं. मुंबईची पार्टी प्राचीन चीनमधल्या लढाईचं पिक्चर काढत होती. सैनिक आमचे पैलवान. ढाली मी आपल्या मावळ्यांसारख्या गोल केल्या होत्या, त्याही जाड पत्र्याच्या. तिसऱ्या टेकलाच सगळ्यांचे खांदे भरून आले.

डायरेक्टर म्हणाले, "चार दिवसांत दुसऱ्या करा. नाहीतर पॅकअप."

मी कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या इनामदार बाईंना गाठलं. त्यांनी पुस्तकातली चित्रं दाखवली. "जुन्या चिनी ढाली लाकडी चौकटीवर चामडं ताणलेल्या. पुढं त्यावर रोगण चढवायला लागले. ही वरची कड बघा, दोन खांद्यांसारखी. लोखंडी ढाली फार नंतर आल्या."

"मग लोखंड आल्यावर चामडं सुटलं?"

"नाही. शिपायाला ढाल घेऊन दिवसभर चालायचं असतं."

हे मी आधी विचारायला हवं होतं. तिथून सायकल थेट चप्पल करणाऱ्या भीमाप्पांच्या दारात. चित्राची नक्कल बघून ते म्हणाले, "म्हशीचं कातडं भिजवून ताणू. वाळलं की ढोलावानी कडक होतंय. चौकटी तेवढ्या आणा."

सुताराला बसवलं. दोन दिवस स्टुडिओच्या अंगणात ढाली उन्हात वाळत होत्या. वर लाल-काळं रोगण मारलं.

डायरेक्टरांनी ढालीवर टिचकी मारली. "पडद्यावर लोखंड दिसायला पाहिजे."

"साहेब, तुमची गोष्ट लोखंडी ढालींच्या आधीची आहे."

मी ढाल धरून उभा राहिलो. रंगाला म्हटलं, हाण. त्यानं उजव्या हातानं लाकडी तलवार जोरात घातली. मी दोन पावलं मागं सरकलो. चामड्यावर नुसता चरा. मग रंगानं ढाल माझ्याकडनं काढून घेतली, तिची मूठपट्टी बँडेज बांधलेल्या मनगटाच्या वर सरकवली, दोनदा फिरवली.

"ह्ये धरायला येतंय की."

डायरेक्टरांनी कॅमेरा लावायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत लढाई पूर्ण झाली. कुणाला खरचटलंही नाही. ठरलेल्या दिवशी रंगा कुस्तीही खेळला, आणि जिंकला.

पुढं निवृत्त होईपर्यंत कुठलीही जड वस्तू सेटवर द्यायच्या आधी मी अर्धा तास स्वतः धरून बघायचो. चूक डोळ्यांना दिसत नाही. खांद्याला लगेच कळते.