लिफ्टशेजारचा रिपोर्ट

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टपाशी आप्पा रोज सकाळी उभे असायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीत वाकून बघायचे. हात पाठीमागे आणि मान पिशवीत. "मेथी, पास. दुधी, पास. हे काय, अंडी? रिजेक्ट." एवढं झालं की स्वतः लिफ्टचं दार उघडून धरायचे, म्हणजे जा आता, तुमची तपासणी संपली. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. सगळी नोकरी मालावर शिक्के मारण्यात गेली. रिटायर होताना शिक्के कंपनीत जमा केले आणि सवय तेवढी बरोबर घेऊन बदलापूरला राहायला आले.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. आप्पा गेल्यावर बिल्डिंगमध्ये जी शोकसभा झाली, तिथे इतकं गोड गोड बोलून झालंय की थोडं आंबट कुणीतरी बोलायलाच हवं.

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. माहेर अंबरनाथजवळच्या गावातलं, आगरी घराचं. सोमवार-शनिवार सोडला तर आमच्या चुलीवर मासळी असायचीच. नर्सिंग केलं, आणि गेली अठरा वर्षं उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका लॅबमध्ये रक्त काढते आणि तपासते. त्यामुळे कोण काय खातो यापेक्षा त्याच्या रक्तात काय उतरतं, ते मी जास्त बघितलंय. आमच्या लॅबशेजारी शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याची सिंधी बायको जन्मात अंड्याला शिवली नाही, तिचं हिमोग्लोबिन तेरा. आणि माझा सख्खा भाऊ, रविवारी मटणाशिवाय ताटाला हात न लावणारा, त्याचं नऊ. म्हणजे शाकाहार वाईट असं मी म्हणत नाही. ज्याचं अंग त्याला माहीत, एवढंच म्हणते. आप्पांना एवढंच मान्य नव्हतं.

कारण आप्पांकडे पुरावा होता. लिफ्टशेजारच्या भिंतीवर, मेन्टेनन्सच्या नोटिशींच्या बरोबर मधोमध, त्यांनी स्वतःचा रक्ताचा रिपोर्ट लॅमिनेट करून टांगला होता. नाव, वय सत्तर, हिमोग्लोबिन पंधरा, साखर नॉर्मल, सगळं नॉर्मल. लोक घरात देवाचा फोटो लावतात, बाबासाहेबांचा लावतात, आईवडिलांचा लावतात. स्वतःच्या रक्ताला खिळा ठोकणारा माणूस मी एकच बघितला. ते रक्त मीच काढलं होतं आणि रिपोर्टखाली तपासणाऱ्याची सही माझीच होती, म्हणून येता-जाता मला सांगायचे, "बघ वंदना, तुझ्याच सहीचा पुरावा. सत्तर वर्षांत मासळीचा काटा नाही घशाखाली. हत्ती काय खातो? गवत. बैल काय खातो? गवत. मग ताकद कुठून आली?"

माझ्या सासूबाई एकदा तिथल्या तिथे म्हणाल्या, "मग आप्पा, तुम्ही पण हत्तीसारखं सकाळपासून रात्रीपर्यंत चरा. मधे बोलू नका." आप्पांनी महिनाभर त्यांच्या पिशवीत बघितलं नाही. सासूबाईंना आयुष्यात एवढं समाधान कधी मिळालं नव्हतं.

आप्पांचा मुलगा निखिल आनंदनगरला एका कंपनीत होता. तिथेच पॅकिंगला असलेल्या छायाशी त्याचं जमलं. छाया आमच्यातली, माझ्या माहेरच्या शेजारच्या गावची. आप्पांनी लग्नाला नाही म्हटलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. जात काढली नाही, हुंडा मागितला नाही. अट एकच घातली, घरात मासळी यायची नाही आणि बाहेरही खायची नाही. छाया हो म्हणाली. मला म्हणाली होती, "ताई, बोंबलावाचून कोण मरतं? माणूस चांगलाय तो बघायचा." दोन वर्षं तिनं ते निभावलं, आणि तिला काही झालंही नाही. आप्पा तिला घेऊन लिफ्टपाशी उभे राहायचे आणि लोकांना दाखवायचे, "आगऱ्याची मुलगी. बघा चेहऱ्यावर तेज." त्या पोरीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात मी रक्त काढलं, हिमोग्लोबिन आठच्याही खाली. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, अंडी-मासे चालत असतील तर सुरू कर. गोळ्यांनी छायाला मळमळायला लागलं. दुसरं कुणी असतं, तर त्यानं डॉक्टरांना फोन करून गोळी बदलून घेतली असती. आप्पांनी गोळ्या खिशात घातल्या आणि घरात बीट, खजूर आणि गूळशेंगदाण्याचा ढीग आणून ओतला. वाईट काहीच नाही त्यात, मीही खाते. पण जिच्या अंगातलं रक्त इतकं उतरलंय, तिला नुसत्या बिटावर ठेवणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणायला घेणं. मी तसं तोंडावर सांगितलं. आप्पा मला भिंतीपाशी घेऊन गेले आणि स्वतःच्या रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय गोळ्या खाऊन आलंय?"

आता खरी गोष्ट सांगते. त्याच्या दोनच महिने आधी, आप्पांच्या वाढदिवसाला मी दर वर्षीसारखं त्यांचं रक्त काढलं होतं. त्या वर्षी त्यांनी हळूच एक तपासणी वाढवून घेतली होती, कारण तळपायाला मुंग्या येत होत्या, चप्पल पायातून कधी निसटते ते कळत नव्हतं आणि जिन्यात दोनदा तोल गेला होता. बी ट्वेल्व व्हिटॅमिन इतकं कमी निघालं की मी मशीनवर पुन्हा लावून बघितलं. आमच्या कॅम्प चारच्या डॉक्टरांनी समजावलं, शाकाहारात हे होऊ शकतं, सगळ्यांना होत नाही, इंजेक्शन घ्या, सुधाराल. त्यात पाप काही नव्हतं, इंजेक्शनात कुणी मासा भरत नाही. पण आप्पांचा चेहरा असा झाला, जणू चाळीस वर्षं पास केलेला माल गाडी भरून परत आलाय. दवाखान्याच्या पायरीवर मला म्हणाले, "हे बिल्डिंगमध्ये कळता कामा नये. तुझ्या धंद्याची शपथ आहे तुला." मी हो म्हटलं. पेशंटचं गुपित ठेवायचं असतंच, तेवढं आम्हाला शिकवलेलं असतं.

त्याच आठवड्यात भिंतीवरचा जुना रिपोर्ट नव्या चकचकीत प्लास्टिकमध्ये आला. आप्पा म्हणाले, आधीचं पिवळं पडलं होतं, कॅम्प दोनला जाऊन नवीन करून आणलं.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी सहाला आप्पा आमच्याकडे यायचे, सोसायटीची फाइल काखेत मारून, कुणी विचारलं तर मीटिंग म्हणून. बाही वर करायचे, मान फिरवायचे. सुईला घाबरायचे, तेही कळलं. मी मुद्दाम विचारायची, "पास का आप्पा?" ते बाही खाली ओढायचे. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. ज्यानं वर्षानुवर्षं माझ्या पिशवीत वाकून बघितलं, त्याचा दंड माझ्या हातात होता. सासूबाई आतल्या खोलीतून म्हणायच्या, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून." आप्पांना ऐकू जायचं. एक-दोनदा मी म्हटलंही, आप्पा, छायाच्या गोळ्या तेवढ्या परत द्या. ते म्हणायचे, "माझं वयामुळे आहे. आहाराचा संबंध नाही." मी पुढं रेटलं नाही.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आप्पांनी छायाला माहेरी पाठवलंच नाही, तिथे मासळी शिजते म्हणून. तिची आई रडून गेली, निखिल मान खाली घालून बसला. तो मान खाली घालण्यात लहानपणापासून तयार होता. मुलगी झाली, अडीच किलोची. छाया पांढरी फटक. दूध उतरेना. आणि सहाव्या दिवशी, गुरुवारी, तिची आई मुशीचं कालवण घेऊन आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मुशी म्हणजे लहान शार्क, काहीजण मोरी म्हणतात. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आमच्यात ती देतातच, पोर झाल्याचा निरोप आला की घरातलं माणूस आधी मासळीबाजारात पळतं. तिनं खरंच किती दूध येतं ते मला लॅबमध्ये सिद्ध करता येणार नाही. पण पोटभर गरम जेवण, तेही आईच्या हातचं, कुठल्या बाळंतिणीला बाधलंय? बाई दुपारभर खपून, तांदळाच्या भाकऱ्या भाजून, दोन रिक्षा बदलून आली होती. संध्याकाळची वेळ, तरी आप्पा लिफ्टपाशी उभेच होते. त्यांनी डबा मागितला. तिला वाटलं घेऊन वर जातील, म्हणून दिला. त्यांनी झाकण उघडलं, वाकून बघितलं, झाकण लावलं आणि डबा तिच्या हातात परत ठेवला.

"रिजेक्ट," म्हणाले.

बाई म्हणाली, "मुशी हाय आप्पा. बालंतीनीची दवाच ती. घरान नको तर खाली आनते पोरीला, हितंच दोन घास खाव द्या."

आप्पांनी भिंतीवरच्या रिपोर्टकडे बोट केलं. बाईला वाचता येत नव्हतं. तिनं तरी बघितलं.

मी तेव्हा दारातून आत येत होते. लॅबवरून येताना मी त्यांचं इंजेक्शन घेऊन आले होते, ते माझ्या पर्समध्ये होतं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग पर्सकडे. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मला स्पष्ट दिसलं. मी एक शब्द बोलले असते तरी डबा वर गेला असता. नुसती पर्स उघडली असती तरी पुरलं असतं. मी बाईला म्हटलं, मावशी, चला वर चहाला. ती नको म्हणाली आणि डबा पदराखाली घेऊन गेली. सहा वाजता आप्पा आले, बाही वर केली, मी सुई टोचली. त्या दिवशी "पास का" विचारलं नाही, तेवढीच माझी मर्दुमकी.

पाच दिवसांनी छाया न्हाणीघरात कोसळली. इस्पितळात रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. शुद्धीवर आल्यावर तिचा भाऊ तिला आणि बाळाला तिथूनच गावी घेऊन गेला, निखिलला विचारलं पण नाही. मुलगी पावडरच्या दुधावर वाढली. तीन महिन्यांनी छाया परत आली ती गाल भरून, अंगावर तुकतुकी घेऊन. माहेरी गोळ्या वेळेवर, शिवाय रोजची मासळी. आणि आप्पांनी काय करावं? सोसायटीच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, 'विश्रांती व सात्त्विक आहाराचा परिणाम'. मी ते वाचून जिन्यात बसले आणि हसले. इतका निर्लज्ज माणूस बघायला मिळणं हेही नशीबच म्हणायचं.

पुढच्या वर्षी आप्पा गेले. सकाळी लिफ्टपाशी उभे असतानाच छातीत कळ आली, पाच मिनिटांत सगळं संपलं. त्या सकाळी शेवटची पिशवी त्यांनी कुणाची तपासली यावर बिल्डिंगमध्ये दोन मतं आहेत.

शोकसभेला फोटो कुठे लावायचा, तर रिपोर्टचाच खिळा बरा, असं ठरलं. निखिलनं छायाला रिपोर्ट काढायला सांगितला. भाषणं झाली, एकानं आप्पांना ऋषी म्हटलं, मी चप्पल घालून वर आले. थोड्या वेळानं दार वाजलं. छाया होती, कडेवर मुलगी आणि हातात ते लॅमिनेशन. तिनं ते उलटं करून टेबलावर ठेवलं.

भिंतीकडच्या बाजूला दुसरा कागद होता, त्याच प्लास्टिकमध्ये, पाठीला पाठ लावून. बी ट्वेल्वचा. त्या माणसाला तो कागद फाडता आला नाही, जाळता आला नाही. रिजेक्ट झालेल्या मालाचा कागद सुद्धा जपून ठेवायचा असतो, ही कंपनीची शिस्त. घरात ठेवला तर सून बघेल, म्हणून जिथे सगळं जग बघतं तिथेच, भिंतीकडे तोंड करून टांगला. दीड वर्ष आम्ही सगळे त्याच्या समोरून लिफ्टमध्ये चढलो-उतरलो.

छायानं तारखेवर बोट ठेवलं. "तेव्हा माझा तिसरा महिना होता," ती म्हणाली. "म्हणजे आप्पांना माहीत होतं. माझ्या आईला परत पाठवलं तेव्हा."

मी हो म्हटलं. आणि माझ्या मनात सगळं तयार होतं, किती दांभिक माणूस, मी तुला सांगते, दर गुरुवारी माझ्याकडे यायचा. तोंड उघडलंही होतं.

तिचं बोट तारखेवरून खाली आलं आणि माझ्या सहीवर थांबलं.

मी तिला गुपिताबद्दल सांगितलं, शपथेबद्दल सांगितलं. डबा परत गेला तेव्हा ते इंजेक्शन माझ्या पर्समध्ये होतं हेही सांगितलं, का सांगितलं कोण जाणे. ती ऐकत होती. मुलगी तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती. मग छाया म्हणाली, "येते ताई, हिची झोपायची वेळ झाली," आणि लॅमिनेशन टेबलावरच ठेवून खाली गेली.

अजूनही ती जिन्यात भेटली की हसते, बरं आहे ना विचारते, सासूबाईंची चौकशी करते. आप्पांसारखं तिनं एकदा तोंडावर "रिजेक्ट" म्हटलं असतं, तर मी सुटले असते.