बाटलीतलं गलबत

मुलगा पहिल्यांदाच बोटीवर गेलेला असताना मी त्याच्या आईसाठी बाटलीत कोंडलेलं गलबत विकत आणलं. यात काही चुकतंय, हे मला बायकोने खोक्यावरचा कागद काढेपर्यंत जाणवलंसुद्धा नव्हतं.

"हे काय?"

"गलबत. तीन डोलकाठ्या बघ, शिडं बघ. दोऱ्यापण खऱ्या आहेत. एवढ्याशा तोंडातून आत कसं घातलं असेल, सांग बघू?"

"ते राहू दे. बाहेर कसं येणार, ते सांगा."

"येतच नाही! तीच तर गंमत आहे."

बायकोने बाटली माझ्या हातात ठेवली आणि ती आत कणीक मळायला गेली. कणकेचा आवाज हॉलपर्यंत येत होता.

आमचा मुलगा तेलाच्या टँकरवर डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी आहे. 'निघतोय, मध्ये नेट नसेल, काळजी करू नका' असा त्याचा शेवटचा मेसेज. त्यावर बायकोने 'जेवलास का?' विचारलं आणि त्या प्रश्नापुढे एकच बारीक टिक उभी राहिली ती राहिलीच. असं होतं, हे त्याने जाण्याआधी चांगलं समजावून सांगितलं होतं. आम्ही माना डोलावल्या होत्या. पण ती टिक रोज बघायला लागल्यावर समजलेलं सगळं विसरायला होतं.

बायको टिक बघायची आणि कामाला लागायची. मला बसवेना. टीव्ही लावायचो, बंद करायचो, गॅलरीत जायचो, परत यायचो. "पायाला भिंगरी लागलीय तुमच्या," ती म्हणायची. खरं तर आम्ही कोकणातले, गाव अगदी किनाऱ्यावरचं. पण वडील गिरणीत लागले, मी कचेरीत, आणि समुद्राशी माझा संबंध सुरमईच्या तुकडीपुरता उरला. गोराईच्या फेरीबोटीतसुद्धा मला मळमळतं. असा मी सुट्टीच्या दिवशी बोरिवलीहून उठून वर्सोव्याच्या गल्लीत पितळी होकायंत्रं आणि लाकडी सुकाणू बघत फिरायला लागलो. समुद्रातलं काहीतरी हाताला लागलं की जरा बरं वाटायचं, बाकी काही नाही. प्रत्येक दुकानात मी टँकरची प्रतिकृती मागायचो.

"टँकर कोण शोकेसमध्ये ठेवणार, दादा?" दुकानदार हसायचे. "लोकांना शिडं पाहिजेत."

म्हणून मी शिडं आणली, तर ही अशी वाट लागली.

रविवारी बाटली पिशवीत घालून मी परत त्याच दुकानात उभा. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "पैसे नाही मिळणार, बदलून घ्या काहीतरी." या वेळी मी शहाणपणा केला. घरी व्हिडिओ कॉल लावला.

"हे बघ, सुकाणू. भिंतीवर झकास दिसेल."

"सुकाणू आपल्या भिंतीवर, तर बोट कोण चालवतंय?"

"बरं, हे होकायंत्र?"

"उत्तर बरोबर दाखवतंय का?"

खोटं बोलायला हवं होतं. पण मी यंत्र गोल फिरवून पाहिलं आणि म्हणालो, "आत्ता पंख्याकडे दाखवतंय."

"ठेवा खाली."

दुकानदाराने हळूच विचारलं, "वहिनी शिपिंगमध्ये आहेत?"

"नाही हो, आई आहे," पलीकडून बायकोच म्हणाली आणि फोन बंद केला.

ही बला आता दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात घालावी, म्हणून मी तिथूनच फेरीबोटीने समोरच्या मढला गेलो. पाच मिनिटांची खाडी, तेवढ्यातही डोळे मिटून बसलो. तिथे एका जुन्या घराच्या पडवीत एक म्हातारी बाई स्वतःची चित्रं मांडून बसते, असं ऐकलं होतं. बाई होती. फुलाफुलांचा झगा, बोटांना निळा रंग. चित्रं सगळी समुद्राची. त्यातलं एक मला फार आवडलं. सकाळचा किनारा, ओली वाळू आणि वर ओढून ठेवलेली होडी. मी पुन्हा फोन लावला, फोन स्पीकरवर ठेवला आणि चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं.

बायकोने बराच वेळ बघितलं. "माणसं कुठायत?"

"चित्र आहे गं."

"ते कळतंय मला. होडीतली माणसं कुठायत?"

मी बाईकडे बघितलं. बाई ब्रश पुसत म्हणाल्या, "मला माणसं काढायला जमत नाहीत. पण तिला सांग, जेवायला घरी गेलीत."

मग बायको म्हणाली, "बघा. याला म्हणतात चित्र."

मला वाटलं, जमलं. मी लगेच पिशवीतून बाटली काढली आणि चित्राच्या पैशांबरोबर बाईंना ती भेट देऊ केली. बाईंनी दोन्ही हात मागे नेले.

"नको बाबा. माझा नवरा शिपवर होता. हे असलं मी घरात नाही ठेवणार. आणि हे चित्र पण इथे सिनेमाचं शूटिंग करतात त्यांनी सांगून ठेवलंय. तुला नाही देता येणार."

म्हणजे चित्र गेलं आणि बाटली राहिली. परतीच्या फेरीत मी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून बसलो, कारण या बाटलीचं करायचं काय, हेच डोक्यात चाललं होतं. पाण्यात टाकावी, तर गलबत बुडवल्यासारखं. फोडावी, तर गलबत फुटल्यासारखं. कोणाला द्यावी, तर त्याच्याही घरचं कोणी बोटीवर असलं तर? मी असल्या गोष्टी मानत नाही. पण मग पिशवी मांडीवर इतकी जपून का धरली होती, ते मला सांगता येणार नाही. मध्येच फोन काढून बघितला. जेवलास का, आणि तीच एक टिक.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी बाटली टेबलावर ठेवली. बायकोने गोधडी शिवायचं दाभण आणलं, चष्मा लावला आणि बाटलीच्या बुचावरची लाल लाख टोकरायला बसली. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाली, "तुम्ही नका. फोडाल." लाखेचे तुकडे उडाले, मग बूच बारीक बारीक होऊन निघालं. शेवटचा कण तिने फुंकून उडवला आणि बाटली शोकेसमध्ये आडवी ठेवली, तोंड दाराकडे करून.

गलबत काही हललं नाही. हलणार कसं? पण त्या रात्री मी गॅलरीच्या खेपा जरा कमी घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना तिचा फोन वाजला. गाळणं तिच्या हातात तसंच राहिलं. 'जेवलो गं. भात कच्चा होता. पोचलो पोर्टला.' खाली त्याचा फोटो. वाळलाय, काळवंडलाय, हसतोय. बायकोने तो फोटो मोठा करून आधी त्याचे दात बघितले, मग गाल. मग सिंकपाशी जाऊन उगाच नळ सोडला.

मला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं की मी बोलतो. म्हटलं, "झालं ना आता? मग नवं बूच बसवू का? उघडी ठेवली तर झुरळ शिरेल आत."

"शिरू दे," ती नळ बंद करत म्हणाली. "तो दारात उभा राहीपर्यंत बाटली उघडीच राहणार. त्याआधी बूच लावलंत ना, तर तुम्हाला आत भरीन. आणि ते बूच मात्र मी स्वतः पक्कं ठोकीन."