नायट्रोचा ट्रक आणि बाबांचा कान

रविवारी सकाळी आठ वाजता जो माणूस आपल्याला इंजिनाची दोरी ओढायला लावतो, त्याच्यावर आपलं किती प्रेम असायला हवं, याचा मी गेल्या वर्षी पुष्कळ विचार केला. आठवड्याचे पाच दिवस बंगळूरच्या एका टोकाला, यशवंतपूरच्या पलीकडे असलेल्या आमच्या वसाहतीतून दुसऱ्या टोकाला व्हाइटफील्डच्या ऑफिसात जायचं आणि परत यायचं, यातच माणूस अर्धा होतो. शनिवार धुणं, भाजी आणि बँकेत जातो. उरला रविवार. तो मी आपण होऊन त्या ट्रकच्या घशात घातला.

ट्रक रिमोटवर चालणारा. हातभर लांब, जाड टायरांचा, आणि बॅटरीऐवजी खरंखुरं इंजिन असलेला. त्यात नायट्रो नावाचं उग्र वासाचं इंधन घालायचं. ऑफिसातला एक सहकारी कायमचा परदेशी निघाला, त्याने घर रिकामं करताना तो खोक्यासकट मला देऊन टाकला. मी घेतला तो बाबांसाठी.

बाबा इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनं तपासायचे. नाशिकहून नोकरीसाठी आले आणि जन्मभर चाचणीघरातच राहिले. चालू इंजिनाजवळ डोळे मिटून उभे राहायचे आणि कुठे काय बिघडलंय ते सांगायचे, असं त्यांचे जुने सहकारी अजून सांगतात. मग निवृत्ती आली, आई गेली, आणि दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी त्या थरथरीला नाव दिलं, गोळ्या दिल्या. तेव्हापासून बाबांनी घरातल्या कुठल्याही वस्तूला पाना लावला नाही. मिक्सर बिघडला तर म्हणायचे, "माणूस बोलव." ज्यांनी आयुष्यात कधी माणूस बोलावला नाही, त्यांच्या तोंडून हे ऐकलं की मला रडू यायचं आणि रागही यायचा.

ट्रक पाहिल्यावर मात्र त्यांनी चष्मा पुसला. उलटा केला, सुलटा केला, वास घेतला. "एवढंसं इंजिन. हे जमलं तर ठीक," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नाही जमलं तर माझं संपलं असं समज." बाबा उगाच काही बोलत नाहीत, त्यामुळे मी ते विसरू शकले नाही.

आमच्या घरासमोर एक रिकामा प्लॉट आहे, इथल्या भाषेत साइट. तिथे आमची शाळा भरायची. इंजिनाला दोन बारीक स्क्रू असतात, त्यांना सुया म्हणतात. एक जोरात पळण्यासाठी, दुसरी मंद चालण्यासाठी. सुई आत फिरवली की इंधन कमी, बाहेर फिरवली की जास्त. आणि फिरवायची किती, तर घड्याळाचा काटा एक तास सरकेल तेवढीच. पुस्तिकेत दिलेली मापं बाबांनी पहिल्याच दिवशी बाजूला सारली. "ही समुद्राजवळच्या हवेची. बंगळूर उंचावर आहे, इथे हवा विरळ, इंधन कमी लागणार," म्हणाले. त्यांनी स्वतः सुई फिरवायला घेतली. स्क्रूड्रायव्हर खाचेतून तीनदा निसटला. चौथ्यांदा त्यांनी तो माझ्या हातात दिला.

म्हणजे फिरवायचं मी, ऐकायचं बाबांनी. इंधन जास्त झालं की धूर, घरघर, आणि दोरी अशी अडकायची की खांदा निखळेल. मग प्लग काढून ट्रक उलटा धरायचा आणि आतलं इंधन माझ्या कुर्त्यावर. कमी झालं की इंजिन किंचाळायचं आणि तापायचं. किती तापलंय ते बघायला बाबा त्याच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकायला सांगायचे, आपण तव्यावर टाकतो तसा. थेंब चटकन उडाला तर वाईट, तीन-चार सेकंद चरचरला तर बरं. शिवाजीनगरच्या दुकानात नवा प्लग आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, पहले स्वल्प रिच रखो, फिर धीरे धीरे." रिच म्हणजे इंधन जास्त, एवढं कळलं; पण स्वल्प म्हणजे नेमकं किती, हे या शहरात मला कुणीच कधी सांगितलेलं नाही.

पण आमचं दुखणं वेगळंच होतं. इंजिन सुरू व्हायचं, दोन मिनिटं झकास चालायचं, मग एकदम किंचाळून बंद पडायचं. पुन्हा दोरी ओढली की काही झालंच नाही अशा थाटात चालू. कधी एक मिनिट, कधी पाच. दुसऱ्या रविवारी बाबा म्हणाले, "टाकीतून इंधन मध्येच तुटतंय गं." मी झाकण उघडून पाहिलं. "टाकी भरलेली आहे, बाबा. सुईचंच काहीतरी आहे. सगळे व्हिडिओ तेच सांगतात." मी हे वैतागून बोलले.

शेजारच्या बाई गच्चीवरून ओरडल्या, "अक्का, भानुवारा ओंदु दिना मलगक्के बिडी!" एक रविवार तरी झोपू द्या म्हणे. मला तरी दुसरं काय हवं होतं? पण बाबांना म्हणत राहिले, आज आवाज सुधारलाय. आज तुमचा हातही कमी थरथरतोय. ते नुसते "हं" म्हणायचे.

पाचव्या रविवारी इंजिन अकराव्यांदा बंद पडलं, तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. "मला आवाज कळेनासा झालाय. हात गेलाच होता, आता कानही गेला." त्यांनी जुना पंचा आणून ट्रकवर टाकला आणि आत जाऊन पेपर उघडला.

पुढचे दोन रविवार मी नऊपर्यंत झोपले. खरं सांगते, मला सुख वाटलं. बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे ते मला दिसत होतं, तरी सुख वाटलं.

त्यानंतरच्या बुधवारी मी घरून काम करत होते. बाबा दुपारचे झोपले होते. इंधनाचा वास घरभर सुटला होता, म्हणून टाकी रिकामी करून ट्रक कुणाला तरी देऊन टाकायचं मी ठरवलं. इंधन एका जुन्या वाटीत ओतलं. वाटीच्या तळाशी तांदळाचे दोन दाणे होते.

ट्रक घरी आला त्याच आठवड्यात आयुधपूजा होती, म्हणजे आपली खंडेनवमी. त्या दिवशी इथे झाडून सगळी वाहनं धुतात, हार घालतात, चाकांखाली लिंबं ठेवतात. मीही हौसेने स्कूटर, वॉशिंग मशीन, लॅपटॉप आणि हा नवा पाहुणा ओळीने मांडून पूजा केली होती. ट्रकची टाकी धुऊन वाळायला उघडी ठेवली होती. तिच्यावर कुंकू लावलेल्या अक्षता टाकल्या त्या मीच, चांगल्या मूठभर. इंजिन इंधन ओढू लागलं की दाणा नळीच्या तोंडाशी जाऊन बसायचा. बंद पडलं की सुटून खाली. इंधन मध्येच तुटत होतं. बाबांनी बरोबर ऐकलं होतं.

सुयांना हात न लावता मी टाकी भरली, ट्रक साइटवर नेला, दोरी ओढली. पूर्ण टाकी संपेपर्यंत ते इंजिन एकदाही अडखळलं नाही. आवाजाने उठून बाबा फाटकाशी आले होते.

"जमलं तुला," ते म्हणाले.

मी धावत जाऊन सगळं सांगितलं. सुया तुम्ही लावल्यात तिथेच आहेत, तुमचं निदान बरोबर होतं, चूक माझी, अक्षतांची. वाटी आणून दाखवली. कुंकू कधीच इंधनात धुऊन गेलं होतं. दाणे पांढरे स्वच्छ.

बाबा दाण्यांकडे बघून हसले. "तांदळाच्या डब्यातून आणलेस ना? माझं मन राखायला एवढा खटाटोप कशाला गं?"

मी शपथ घेतली. ओरडलेसुद्धा. त्यांनी थरथरता हात माझ्या डोक्यावर ठेवला. "हात कमी थरथरतोय म्हणायचीस, तेव्हाही मला दिसत होतंच की."

आता रविवारी मी ट्रक चालवते आणि बाबा खुर्चीत बसतात. मध्ये एकदा मी मुद्दाम सुई काट्याच्या दोन तासांइतकी बाहेर फिरवली. इंजिन घरघरायला लागलं, धुराचा लोट उठला. बाबांच्या कपाळावर आठी पडली, ती मी पाहिली. आता रागावतील, स्क्रूड्रायव्हर मागतील, म्हणून मी वाट बघत उभी राहिले.

"छान चाललंय," बाबा म्हणाले. "तुझा हात बसलाय आता."