संग्राहकाचं नाव

रानात नवं झुडूप दिसलं की ते आधी त्याचं पान चुरगळायचे आणि समोरच्याच्या नाकाखाली धरायचे. "आवं प्रोफेसर, आधी वास घ्या. नाव काय, मागनं बी ठेवता येतंय."

सांगलीच्या कॉलेजात आम्ही दोघं वनस्पतिशास्त्र शिकवायचो. ते उंब्रजकडच्या शेतकरी घरातले, मी सातारा शहरातला. पोरं त्यांच्या बोलण्याची नक्कल करत. एकदा ती त्यांनी दाराबाहेरून ऐकली. आत जाऊन म्हणाले, "लय झ्याक. फकस्त 'न्हाई' जरा नाकातनं म्हण, गड्या."

रविवारी आम्ही सायकलींवरून कृष्णाकाठी जायचो. झाडं ते शोधत, वर्णन मी इंग्रजीत लिही. माझं इंग्रजी चांगलं होतं, नजर नव्हती. वाळवलेल्या प्रत्येक झाडाखाली ते स्वतः चिठ्ठी लिहून चिकटवत: झाड, गाव, संग्राहक. संग्राहक म्हणून आम्हा दोघांची नावं, माझं आधी.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. विभागप्रमुखाची जागा रिकामी व्हायची होती. ज्याचा लेख छापून येईल त्याचा विचार होईल, असं प्राचार्यांनी सांगितलं. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "दोघांच्या नावानं धाडू. मग साहेब उचलंल त्याला उचलंल." मी हो म्हटलं. पाकिटात घातलेल्या प्रतीवर एकच नाव होतं, माझं.

लेख छापलेला अंक आल्यावर मी त्यांना सांगितलं, कागदाची टंचाई आहे, त्यामुळे मासिक एकाच लेखकाचं नाव छापतं.

त्यांनी पान उलटून पाहिलं. "म्हंजे आमचं नाव लढाईत पडलं म्हणायचं." दुसऱ्या दिवशी घरच्या गुळाची ढेप घेऊन आले. मी प्रमुख झालो.

त्यानंतरही ते झाडं आणत राहिले. चिठ्ठीवर मात्र फक्त माझं नाव. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कागद वाचवायचा न्हवं?" चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांना कळलं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. मी ती झाडं तशीच कपाटात लावली.

वर्षभराने ते फलटणच्या हायस्कुलात मास्तर म्हणून गेले. निरोपाचं भाषण मी केलं. पुढे त्यांच्या मृत्यूचं पत्र आलं, तेव्हा मी पेपर तपासत होतो. उरलेला गठ्ठा संपवला आणि जेवायला बसलो.

हे लिहिण्याआधी त्यांच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "नाव नका छापू, काका. आता कशाला?" म्हणून याही वेळी ते छापत नाही. तुमच्यापैकी कुणी ते कपाट पाहिलं असेल, तर एवढं लक्षात ठेवा: त्यातली चार झाडं माझी होती. बाकी सगळी त्यांची.

गेल्या महिन्यात कॉलेजात जाऊन आलो. झाडांचा भुगा झाला आहे. चिठ्ठ्या तेवढ्या काचेखाली लावल्या आहेत. तिथला तरुण प्राध्यापक म्हणाला, "सर, काय सुरेख अक्षर हो तुमचं."

"माझं नाही ते," मी म्हटलं.

त्याला तो माझा विनय वाटला. हसून त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली.