मागचा ढिगारा फोटोत आला नाही

पहिले तीन महिने माझ्या फोटोंत चेंडू कधी आलाच नाही. बॅट फिरून गेलेली, चेंडू टाकणाऱ्या पिचरचा हात खाली आलेला, सगळ्या मुली एकाच दिशेला बघताहेत आणि ज्याच्याकडे बघताहेत ते चौकटीबाहेर. मी चेंडूच्या मागे कॅमेरा फिरवायची आणि दरवेळी उशिरा पोचायची.

खरं तर मी खेळाचे फोटो काढायला गेलेच नव्हते, पुरावा गोळा करायला गेले होते. गोडादऱ्यात आमच्या सोसायटीच्या मागे एक कॉमन प्लॉट आहे. तिथे मुलींची टीम सॉफ्टबॉल खेळायची. बहुतेक लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांच्या मुली. त्याच प्लॉटवर आजूबाजूच्या बांधकामांचा राडारोडा टेम्पो भरभरून यायचा. विटा, फुटक्या टाइल्स, वाकलेल्या सळ्या. आमचा चार-पाच जणांचा गट पत्रकं काढायचा. पाण्यावर काढली होती, गटारावर काढली होती. ह्या वेळी प्लॉटवर काढायची ठरली. कॅमेरा माझ्याकडे आला, कारण बाकीच्यांना रविवारीही ड्युटी होती.

पत्रकाची सवय हातात बसलेली. सगळं एकाच फोटोत आलं पाहिजे: ढिगारा, मुली, कुत्री, मागची अर्धवट इमारत. म्हणून मी लांब उभी राहायची आणि मुली मुंग्यांएवढ्या यायच्या. टीमची जी कॅचर होती, बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी, तिने एकदा कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःला शोधलं. सापडली नाही.

"ताई, ह्यात कचऱ्याचाच फोटो मस्त आलाय," ती म्हणाली. "त्यालाच टीममध्ये घेऊ या. जागचा हलत तरी नाही."

बाकीच्या हसल्या. मला ते लागलं. लागायला नको होतं.

ही कॅचर एकोणीस वर्षांची. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, घरी आल्यावर आईबरोबर साड्यांचे धागे कापायची. वडील लूमवर. त्यांनी खेळायला परवानगी दिली होती ती एका अटीवर: मैदान घराच्या गॅलरीतून दिसलं पाहिजे. हा प्लॉट दिसायचा. दुसरं मैदान पार कोसाडला, दोन रिक्षा बदलून. म्हणजे हा प्लॉट गेला की तिचा खेळ संपला. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तक्रारीच्या सुरात नाही, कुणी पत्ता सांगावा तसं.

आमच्या गल्लीत लग्नाचे फोटो काढणारे एक दादा आहेत, धुळ्याकडचे. त्यांना माझे फोटो दाखवले. त्यांनी ते एकेक करून सरकवत बघितले. मग म्हणाले, चेंडूच्या मागे पळू नकोस, तो शेवटी कुठे येणार हे तुला माहीत असतं, तिथे थांब. त्यांची एक जुनी लेन्स वापरायला दिली आणि वर एक मंत्र दिला, "मांगलं सम्दं उडाई टाक." म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेव, माणूस स्पष्ट येऊ दे, मागचं सगळं पुसट होऊ दे. नवरीच्या मागे जनरेटर असो नाहीतर उष्ट्या पत्रावळी, फोटोत दिसता कामा नयेत.

मी लांब उभं राहणं सोडलं. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभी राहते त्या जागेच्या, बाजूला मातीत बसायला लागले. शटर वेगवान ठेवायचं, चेंडूकडे बघायचंच नाही, कॅचरच्या खांद्याकडे बघायचं. चेंडू पोचायच्या जरासा आधी तिचा डावा खांदा पुढे यायचा. तो आला की बोट दाबायचं. दुपारी कॅचरच्या जाळीच्या मास्कखाली चेहरा फोटोत काळा पडतो, म्हणून रविवारी साडेचारनंतर जायचं. शंभरातले दोन बरे यायला लागले. मग दहा. जुने सगळे मी डिलीट केले. बघवत नव्हते.

आणि एका रविवारी तो फोटो मिळाला. चेंडू बॅटला लागून सरळ वर उडाला. कॅचरने मास्क फेकला, वर बघत मागे धावली, झेल घेतला, वळली आणि हसली. ग्लोव्हमध्ये चेंडू, कपाळाला घाम, डोळ्यांत ऊन. ती थांबली तिथून दोन हातांवर सळ्या वर आलेल्या होत्या. आणखी तीन पावलं गेली असती तर ती सळ्यांवर पडली असती, हे मला समोर, डोळ्यांनी दिसत होतं. फोटोत मात्र तिच्या मागे नुसता मऊ करडा रंग होता, स्टुडिओतल्या पडद्यासारखा.

तोच फोटो पत्रकावर घेतला. हट्ट माझाच होता. वर मोठ्या अक्षरांत: मुलींचं मैदान वाचवा, ढिगारा उचला.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्रमुखांनी पत्रक हातात घेतलं, चष्मा वर केला आणि शेजारच्यांना दाखवलं. "आमां तो ग्राउंड मस्त देखाय छे, बेन," ते म्हणाले. "छोकरी केवी हसे छे." मग हिंदीत विचारलं की मैदान मस्त दिसतंय, मुलगी हसतेय, तर ह्यात उचलायचं काय आहे. पत्रक सगळीकडे फिरलं. फोटो छान आहे असं तिघांनी मला सांगितलं. प्लॉट तिथून तीनशे पावलांवर होता, पण उठून कोणी गेलं नाही. मी म्हटलं, मागे ढिगारा आहे, तो फोटोत आलेला नाही. ते म्हणाले, मग ज्यात आलाय तो दाखवा. माझ्याकडे नव्हता. विषय पुढच्या मीटिंगवर गेला आणि पार्किंगचा विषय सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी लांबून पुन्हा फोटो काढले. प्रमुखांच्या मोबाइलवर पाठवले. त्यांनी हात जोडल्याचं चित्र परत पाठवलं. आठवडाभरात आणखी टेम्पो आले, ढिगारा तिसऱ्या बेसवर चढला. टीम कोसाडला गेली. कॅचर गेली नाही.

मला संताप यायला हवा होता. संताप माझ्या कामाचा भाग आहे, पत्रकात तो मी दहा मिनिटांत उतरवते. ह्या वेळी काहीच आलं नाही. मी जेवत होते, ड्युटीला जात होते, रविवारी कोसाडला जाऊन नव्या कॅचरचे फोटो काढत होते. ते चांगले येत होते.

मग एका सकाळी तिच्या घरी गेले. वडील रात्रपाळी करून आलेले, चहा पीत होते. ती खाली बसून साडीचे धागे कापत होती. मला बघून तिने मान हलवली आणि कात्री चालू ठेवली. मी बोलायला लागले. मुलींचा हक्क, घरातली बंधनं, सगळं पाठ होतं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर कप खाली ठेवला.

"तू लई जाशी का तिले?" त्यांनी विचारलं. "रोज? आन् परत लई येशी?"

प्रश्न साधा, नेण्या-आणण्याचा होता, टोमणा नव्हता. ते खरंच उत्तराची वाट बघत होते. कात्रीचा आवाज थांबला. तिने वर बघितलं नाही.

माझी ड्युटी दुपारी दोनपासून. प्रॅक्टिस चारची. मी म्हटलं, विचारून सांगते.

कोणाला विचारणार, हे त्यांनी विचारलं नाही. तिने पुढची साडी ओढून घेतली.