माती घेऊन आलेला मित्र

"बघतो," म्हणून तो चष्मा कपाळावर चढवायचा आणि खरंच बघायचा. आमच्या रोह्याच्या कंपनीत "बघतो" म्हणणारे ढीगभर, बघणारा हा एकटाच. तुमच्याही हापिसात असा एक असेल. प्रिंटर अडला की त्याच्या नावानं हाका, बढतीच्या वेळी मात्र तो कुणाला आठवत नाही.

कंपनीच्या बसमध्ये मी पेणला चढायचे, तो वडखळला. धरमतरच्या खाडीकाठी त्याचं गाव, घरात तो आणि आई. बसला की लॅपटॉप मांडीवर. अरे, जरा बाहेर बघ, असं मी सांगून थकले. "येवढं झालं की, ताई," हे ठरलेलं उत्तर.

'येवढं' म्हणजे काय, ते फार उशिरा कळलं. मोठ्या फायली आवळून लहान करणारा एक प्रोग्रॅम त्यानं लिहिला होता आणि जगाला फुकट देऊन टाकला होता. कुणीही वापरावा, कुणीही दुरुस्त करावा. वापरला सगळ्यांनी. दुरुस्तीला कुत्रं फिरकेना.

आलेल्या तक्रारी तो मला मराठीत करून सांगायचा. मोठमोठ्या कंपन्यांची माणसं, आणि भाषा अशी की हा जणू त्यांचा घरगडी. माझं डोकं फिरायचं. तो हसायचा. त्याच्या गावात खाडीचा बांध फुटला की घरटी एक माणूस माती घेऊन धावतो, नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं. हे पण तसंच हाय, म्हणायचा. कसलं तसंच! भात सगळे खात होते, माती हा एकटा टाकत होता.

मग त्याच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. कामं साचली, शिव्या वाढल्या. आणि नेमका तेव्हाच एकजण मदतीला आला. कुठल्या देशातला, देव जाणे. कधी दिसला नाही, त्याचा आवाज ऐकला नाही, नुसते निरोप. पण काम चोख, आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी एक ओळ, आई कशी आहे? आमचा गडी खुलला. बसच्या खिडकीबाहेरसुद्धा बघायला लागला.

कोण, कुठला, चौकशी तरी कर, मी म्हटलं. तो दुखावलाच.

"ताई, बांध फुटल्यावर माती घेऊन आलेल्याला, तू कुनाचा, आसं इचारतात काय?"

आणि त्यानं प्रोग्रॅमच्या सगळ्या किल्ल्या त्या माणसाच्या हातात दिल्या.

अशा बातम्या हल्ली तुम्हीही वाचता. त्या मित्रानं प्रोग्रॅमच्या आत चोरदरवाजा ठेवला होता. प्रोग्रॅम असेल त्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप शिरायची सोय. परदेशातल्या कुणा चिकित्सक माणसाला तो वेळेवर दिसला म्हणून निभावलं. मित्र गायब. नाव खोटं, गाव खोटं. जगानं मग यालाच धारेवर धरलं. हा सामील तरी असेल, नाहीतर मूर्ख. कंपनीतही कुजबुज सुरू झाली. यानं एकेक ओळ तपासून ते दार बुजवलं आणि प्रोग्रॅम कायमचा बंद केला.

बसमध्ये त्यावर एकदाच बोलला. शिव्यांचं काय नाय, म्हणाला.

"आयशीचं रोज इचारायचा, ताई. ते पन त्याचं कामच व्हतं काय?"

मला फार वाईट वाटलं.

पुढे वडखळला बस थांबायची आणि तो नसायचा. त्यानं राजीनामा दिल्याचं कळलं. एका रविवारी मी त्याच्या घरी गेले. तो घरात नव्हता. आता कुणी आलं की मागच्या दारानं निघून जातो, आई म्हणाली. तिचं तोंड अजून थोडं वाकडं होतं, उजवा हात मांडीवर पडून होता. निघताना तिनं मला फळीवरून पोह्याच्या पापडांचं पुडकं काढायला लावलं. एका हातानं लाटलेले, वेडेवाकडे पापड. मला वाटलं, माझ्यासाठीच. कशाला त्रास घेतला, असं म्हणालेसुद्धा.

"तुज्यासाठी नाय गो बाय. त्याचा तो लांबचा दोस्त हाय ना, माजी रोज खबर घेनारा, त्याला धाड. पोराला सांगितलं तर उठून जातो. पत्ता आसंल ना तुज्याकडं?"

"हाय," मी म्हटलं, आणि पुडकं पिशवीत ठेवलं.