फिटरमामा आणि शनीचा फोकसर

फिटरमामा कुणाच्याही घरी गेले की आधी जनेलाची, म्हणजे खिडकीची, कडी हलवून बघायचे आणि मग माणसांना नमस्कार करायचे. कडी खुळखुळली की त्यांचा चेहरा उतरे. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर निघे, आणि चहा निवेपर्यंत कडी दुरुस्त झालेली असे. आमच्या घरातली एकही कडी त्यांच्या तावडीतून सुटली नाही. मूळचे सावंतवाडीकडचे, पण डिचोलीजवळच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्यांचा जन्म गेला. माझ्या आईने त्यांना भाऊ मानलं होतं, म्हणून ते माझे मामा.

मी तेव्हा कोरगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि दोन वर्षं घासघासून दुर्बिणीचा आरसा तयार केला होता. अडलं होतं ते फोकसरपाशी. फोकसर म्हणजे डोळा लावायची भिंगं ज्यात बसतात ती छोटी नळी. ती आतबाहेर सरकवली की चित्र स्पष्ट होतं. नवीन कुठे मिळेना. शेवटी पुण्याच्या मैत्रिणीने जुन्या दुर्बिणींतून काढलेले तीन फोकसर बिस्किटांच्या डब्यात घालून पाठवले, आणि मी तो डबा घेऊन मामांकडे गेले.

मामांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, पानभर कोकणी-मराठीचा वाद होता, आणि मामा दोन्ही भाषा एकाच वाक्यात वापरून तिसऱ्याच भाषेत शिव्या देत. त्यांनी तिन्ही फोकसर त्या वादावर मांडले, डोळे मिटले, आणि एकेकाची चावी दोन बोटांनी मागेपुढे फिरवली. पहिला दात्यांचा. चावी फिरे, पण नळी जरा उशिराने हले. दुसरा आट्यांचा. त्यातलं ग्रीस वाळून दगड झालं होतं. तिसऱ्याची नळी चार चिमुकल्या बेअरिंगांवर घसरे. त्याला ओरखडे होते आणि एक स्क्रू गायब होता. मामांनी त्याला पाना टांगून पाहिला. नळी तसूभर घसरली नाही. मग डोळे उघडून म्हणाले, "बाय, सैल वस्तू खोटा बोलता, घट्ट वस्तू गप ऱ्हवता. माका खरा बोलणारी होई. ह्यो घे."

बसवणं हा तर सोहळाच होता. दुर्बिणीचं नळकांडं गोल आणि फोकसरचा तळ सपाट. मामांनी खाणीची तांबडी धूळ खोबरेल तेलात कालवली, नळकांड्याला फासली, तळ त्यावर दाबला आणि जिथे तांबडं लागलं तिथे कानस चालवली. पुन्हा फासलं, पुन्हा दाबलं. असं वीसेक वेळा. शेवटी सगळा तळ एकसारखा रंगला तेव्हा आम्ही दोघं नवस फेडल्यासारखे हसलो. मग दारातून समोरच्या माडावर दुर्बीण रोखली. झावळीवरची मुंगीसुद्धा दिसली.

मामांचा एवढा जीव त्यात अडकण्याला कारण मामी होत्या. धारगळला मामांनी आयुष्यभराच्या कमाईतून घर बांधलं होतं. प्रत्येक बिजागरी स्वतः बसवली होती. पण मामींची साडेसाती चालू होती, आणि शनी असा वाकडा असताना नव्या घरात पाऊल टाकणार नाही, म्हणून त्या अडून बसल्या होत्या. खाणीच्या क्वार्टर्समध्ये राहून दर शनिवारी देवळात कुलेरभर, म्हणजे चमचाभर, तेल वाहत होत्या. मामांची किल्ली दोन वर्षं खुंटीला लटकत होती. कोरगावात सगळ्या गावाला दुर्बिणीतून शनी दाखवायचं ठरलं तेव्हा मामांनी त्यांना इतकंच विनवलं, की एकदा त्याचं तोंड बघ आणि मग हवं तितकं भी. मामी कबूल झाल्या, पण अट घातली, "एकदाच डोळो लावतलंय."

दसऱ्याचे दिवस होते. दिवेलागणीला शाळेच्या पटांगणावर इस्त्रीच्या शर्टांची रांग लागली. पहिला मान मामींचा. मी शनी धरला, आणि धुकट गोळा दिसला. चावी आत फिरवली, आणखी फिरवली, टक्क करून नळी टेकली. गोळा तसाच. मामींनी डोळा लावला, काढला आणि म्हणाल्या, "बघलंस? तोंड दाखवणा नाय तो." आणि जाऊन पायरीवर बसल्या.

मामांनी चावीला हात लावला मात्र, त्यांना कळलं. ते कपाळावर हात मारून घेत म्हणाले, "माड हंयसर, शनी थंयसर. मी माडाक बघून शनी मापलंय." लांबची वस्तू बघायची तर नळी आणखी आत जावी लागते, आणि आत जागाच उरली नव्हती. दुसऱ्यांची चूक बोटांनी ओळखणारा माणूस स्वतःच माडावरून घसरला होता. मला रडू फुटायच्या बेतात होतं. मामा मात्र खुशीत आले. नळी आणखी आत जात नसेल तर आरसा पुढे ढकलायचा, बोल्ट लांब आहेत, फक्त खाली आधार हवा. त्यांनी रांगेला विचारलं, "बाटलेची तीन बुचां कोणाकडे गावतीत?"

कोरगावात काजूची फेणी भरपूर निघे, पण ती पिणारं कुणीच नव्हतं, असं प्रत्येकजण सांगे. रांगेतला जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. मग भजनी मंडळाच्या खजिनदारांनी खिशातून एक बूच काढलं. दुसरं सरपंचांसारख्या गंभीर माणसाने मागच्या मागे पुढे केलं. तिसरं हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये निघालं. जप्त केलेलं आहे, असं ते म्हणाले. कुणाकडून, ते कुणी विचारलं नाही.

मामांनी बुचं नखाने मापून एकसारखी कापली आणि आरशामागे बसवली. मी डोळा लावला, चावी केसभर फिरवली, आणि कड्यासकट शनी लख्ख उभा राहिला. मी किंचाळले म्हणे. मला आठवत नाही. नंतर प्रत्येकजण डोळा लावून ओरडत होता, खजिनदार तर दोनदा रांगेत उभे राहिले. मामांनी मामींना एकदाही हाक मारली नाही. पण रांग संपत आली तेव्हा शेवटी मामी उभ्या होत्या.

त्यांनी खूप वेळ बघितलं. मग कानातल्या कुडीला हात लावून म्हणाल्या, "माझ्या कुडीएवढो पण नाय. ह्याका भियालंय मी?" आणि वळून मामांना सांगितलं, "ऐतवारी जाव्या धारगळाक."

त्या घरात दोघं अकरा वर्षं सुखाने राहिली. मामी शनिवारचं तेल वाहतच राहिल्या, पण कुलेरभर नव्हे, थेंबभर. एवढ्याशाला एवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं. मामा गेले तेही तिथेच, खिडकीची कडी नीट करता करता. मी पोचले तेव्हा अंगणात बायका हळू आवाजात बोलत होत्या, साडेसातीत घरात शिरले, शनी का सोडतोय. मामींच्या कानावर ते गेलं. त्यांनी डोळे पुसले, दोन बोटांची चिमूट करून सगळ्यांना दाखवली.

"त्येचा नाव घेव नकात. मी बघलंय त्येका. एवढुसो आसा. त्येच्यान ह्या व्हवचा नाय."